आहे तेच धरण, आहे तेच पाणी

खास प्रतिनिधी, नंदुरबार

नवे काही न जोडता जुनीच यंत्रणा अधिक चांगली चालविण्याचा प्रयोग संगणकाच्या दुनियेत कौतुकाचा विषय ठरला. हाच विचार शंभरहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील धरणे आणि कालवे यांच्या बाबतीत करणाऱ्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नोकरीचा आरंभ खानदेशच्या मातीत झाला होता. अभियंता दिनाच्या हारतुऱ्यांत त्यांचे हे काम बऱ्याचदा झाकले जाते. त्या कामाच्या अंगाने त्यांच्या जीवनाचा घेतलेला हा मागोवा.

२८ ऑगस्ट २००९ रोजी अ‍ॅपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांसाठी 'स्नो लेपर्ड' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आणली. नवी आवृत्ती म्हटली की नव्या सुविधांची लांबलचक यादी, असा या व्यवसायाचा रिवाज. या वेळी मात्र कंपनीने भर दिला तो जुन्याच प्रणालीच्या डागडुजीवर. आज्ञावलीतील अडगळ काढण्यात आली, डिस्कवरची जागा मोकळी झाली आणि तीच कामे कमी वेळात होऊ लागली. आधीची आवृत्ती १२९ डॉलरला मिळत असे. तिच्यावरून या आवृत्तीवर येणाऱ्यांना अवघे २९ डॉलर मोजावे लागले. पुढे २०१८ मध्ये आयफोनच्या 'आयओएस १२'च्या वेळीही कंपनीने हाच मार्ग धरला. २०१३ सालच्या जुन्या फोनमध्येही ही आवृत्ती चालावी आणि चपळ चालावी, याकडे लक्ष दिले गेले.

यंत्र तेच, मालक तोच, खर्चही फारसा नाही. मग त्याच यंत्राकडून अधिक काम कसे करून घेता येईल, हा या दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. हा प्रश्न काही संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील एका तरुण अभियंत्याने तो पुण्याजवळच्या खडकवासला धरणाविषयी आणि नीरा नदीच्या कालव्याविषयी विचारला होता. त्या काळी पाणीवाटपाची ऑपरेटिंग सिस्टीम होती पाट, दारे, पाळ्या आणि पाणीपट्टीची. ती तशीच ठेवून तिची कार्यक्षमता वाढविण्याचे काम विश्वेश्वरय्यांनी केले. हे काम त्यांच्या चरित्रात सहसा एखाद्या परिच्छेदात उरकले जाते. कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे दिवाणपद आणि भारतरत्न यांचाच बोलबाला अधिक होतो.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या लहानशा गावात १५ सप्टेंबर रोजी विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. १८५७च्या उठावाला तेव्हा तीन-चार वर्षे लोटली होती. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार. घरी विद्येचे वातावरण होते, पण पैसा नव्हता. लहानपणीच पितृछत्र हरपल्यावर बंगळूरमध्ये दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी शिक्षण पुरे केले. सेंट्रल कॉलेजमधून १८८१ मध्ये बी.ए. झाल्यावर म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. पुढे सीओईपी या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था ती हीच.

१८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. त्या काळी पहिल्या येणाऱ्यास सरकारी नोकरीची जणू हमीच असे. १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. आधी नाशिक आणि लगोलग खानदेश, असा तो प्रवास होता. कन्नडभाषक घरातून आलेल्या या तरुणाच्या नोकरीची पुढली सुमारे चोवीस वर्षे मुंबई इलाख्यात, त्यातही बरीचशी मराठी मुलखात गेली. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळात त्यांचा वावर राहिला. आकडेवारी गोळा करावी, तिच्यावरून अनुमान काढावे आणि मगच बोलावे, ही त्या वर्तुळाची शिस्त त्यांच्या स्वभावाशी जुळणारीच होती.

पांझरेचा पहिला धडा

त्या वेळी खानदेश हा एकच विस्तीर्ण जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळ्याला होते. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. म्हणजे विश्वेश्वरय्या धुळ्यात रुजू झाले तेव्हा नंदुरबार, शहादा, तळोदा हे तालुकेही त्याच खानदेश जिल्ह्यात मोडत होते.

साक्री तालुक्यातील दातर्ती परिसरात पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे, हे त्यांचे पहिले स्वतंत्र काम. यालाच सायफन म्हणतात. पाटाचे पाणी एका काठावर नळात शिरते, नदीच्या तळाखालून जाते आणि पलीकडच्या काठावर पातळीच्या जोरावर पुन्हा वर येते. इंजिन नाही, मोट नाही. पाण्याचा स्वभाव ओळखला की झाले.

काम ऐन पावसाळ्यात करायचे होते. पुराबरोबर येणारी वाळू आणि गाळ खोदलेल्या जागेत भरू लागला. केलेले काम दुसऱ्या दिवशी बुजलेले दिसे. तेव्हा पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळविले. वरिष्ठांना ती सबब वाटली. नव्या अधिकाऱ्याच्या आज्ञाधारकपणाविषयीच त्यांनी शंका घेतली. विश्वेश्वरय्यांनी मग आपला अर्ज बाजूला ठेवला, काम हाती घेतले आणि पूर्ण करून दाखविले. नोकरीच्या पहिल्याच वर्षातील हा प्रसंग त्यांनी म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतही नोंदविला. त्यांच्या नावावर पुढे अनेक आख्यायिका रचल्या गेल्या. त्या सगळ्यांपेक्षा वाळूने बुजणाऱ्या या चराची हकीकत अधिक बोलकी आहे. कागदावरचा नकाशा आणि नदीतले काम यांतील अंतर पांझरेने त्यांना असे आरंभीच दाखवून दिले.

पांझरेच्याच खोऱ्यात आणखी एक व्यवस्था पूर्वापार चालत आलेली होती. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांच्या काठची फड पद्धत ती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, अशी तिची रचना. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, तिसऱ्यात आणखी काही आणि पुढल्या वर्षी ही पाळी फिरायची. पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. कोणाचे शेत बंधाऱ्याजवळ आहे आणि कोणाचे शेवटाला, यावर पाणी ठरत नसे. नदीत पाणी कमी असेल तर तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा. या व्यवस्थेचे आणि विश्वेश्वरय्यांनी पुढे नीरेच्या कालव्यावर आणलेल्या पद्धतीचे नाते किती जवळचे आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे खानदेशातील ही पहिली नेमणूक महत्त्वाची वाटू लागते.

सक्करची विहीर

१८९३ मध्ये सिंध प्रांतातील सक्कर गावाला पाणी पुरविण्याचे काम त्यांच्याकडे आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदी दाराशी असूनही तिचे पाणी गढूळ, पिण्यास निरुपयोगी. पाणी गाळण्यासाठी मोठाले हौद बांधावेत तर नगरपालिकेला ते परवडणारे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीपात्रातच विहीर घेतली आणि वाळूच्या थरांतून झिरपून आलेले पाणी तिच्यात गोळा केले. गाळण्याचे काम नदीची वाळूच करू लागली. १८९५ मध्ये ही योजना पुरी झाली. त्यानंतर सुरतेची पाणीयोजना हाताळून ते पुण्याला आले. मधल्या काळात, १८९८ मध्ये, त्यांनी जपानचा दौरा केला आणि तिथले उद्योग व शिक्षण बारकाईने पाहिले. १८९९ मध्ये पुण्यात कार्यकारी अभियंता म्हणून त्यांनी सूत्रे घेतली. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कल्पक कामे या पुण्याच्या मुक्कामात झाली.

खडकवासल्याची दारे

मुठा नदीवरील खडकवासल्याचा जलाशय तेव्हा लेक फाइफ या नावाने ओळखला जाई. पुणे शहर, लष्कर आणि मुठेच्या कालव्याखालची शेती या सर्वांची भिस्त त्याच्यावर. दरवर्षी पावसाळ्यात तलाव भरून सांडव्यावरून पाणी धो धो वाहून जाई आणि उन्हाळ्यात मात्र टंचाई भासे. यावर उघड दिसणारे उपाय दोन. धरणाची उंची वाढवायची किंवा दुसरे धरण बांधायचे. पहिल्यात जुन्या भिंतीवर भार येण्याचा धोका, दुसऱ्यात पैशाचा आणि काळाचा प्रश्न.

विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. पूर येतो तेव्हा सांडव्याच्या माथ्यावरून कित्येक फूट उंचीचे पाणी वाहते. म्हणजे तेवढ्या पातळीचे पाणी ही भिंत दरवर्षी पेलतच असते. मग पूर ओसरल्यावर ते पाणी जाऊ का द्यायचे? या विचारातून त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित लोखंडी दारे बसविली. तलाव ठरलेल्या पातळीपर्यंत भरेतो दारे बंद राहत. पाणी त्याहून वर चढले की पाण्याच्याच जोराने आणि प्रतिभारांच्या साहाय्याने दारे आपोआप उघडत, जादा पाणी जाऊ देत आणि पातळी उतरली की पुन्हा मिटत. मध्यरात्री पूर आला तरी दार उघडायला माणूस धावण्याची गरज नव्हती.

१९०३ मध्ये ही दारे बसली. जलाशयाची पातळी सुमारे आठ फुटांनी उंच राखता येऊ लागली आणि साठा अंदाजे पाव हिश्श्याने वाढला. धरण तेच, नदी तीच, पाऊसही तेवढाच. पाणी मात्र आणखी पाव पट. या दारांचे पेटंट त्यांनी घेतले होते. परंतु सरकारी नोकरीत असताना सरकारी कामासाठी केलेल्या शोधावर मानधन घेणे त्यांना रुचले नाही. रॉयल्टी त्यांनी नाकारली. ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि पुढे खुद्द कृष्णराजसागरावरही अशाच जातीची दारे बसविण्यात आली.

उसाचा मोह आणि ब्लॉकची शिस्त

धरणातील पाणी वाढविणे तुलनेने सोपे होते, कारण तेथे गाठ लोखंडाशी आणि पाण्याशी होती. कालव्याखाली गाठ माणसांशी होती. दख्खनमधील कालव्यांवर सरकारने पैसा ओतला होता, पण त्यांतून पुरेसे उत्पन्न येत नव्हते. पाऊस बरा झाला की शेतकरी कालव्याकडे फिरकत नसत. अवर्षण पडले की सगळेच पाण्यासाठी धावत. ज्यांची शेते कालव्याच्या मुखाशी होती ते उसाला वाटेल तितके पाणी देत. शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचतच नसे. जादा पाण्याने काही जमिनी पाणथळ होऊ लागल्या होत्या आणि पाणथळ जागी हिवताप ठरलेला. १९०१ मध्ये नेमलेल्या भारतीय सिंचन आयोगापुढेही पाटबंधाऱ्यांच्या उपयुक्ततेचा प्रश्न होताच.

यावर विश्वेश्वरय्यांनी सुचविलेली ब्लॉक पद्धत अशी होती. कालव्याखालची सगळी जमीन सलग भिजविण्याऐवजी गावोगावी ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक पाडायचे. एका ब्लॉकमधील साधारण एकतृतीयांश जमिनीत ऊस किंवा भात यांसारखे भरपूर पाणी पिणारे पीक आणि उरलेल्या भागांत कमी पाण्याची हंगामी पिके घ्यायची. पुढल्या वर्षी ही पिके फिरवायची, म्हणजे जमिनीचा कसही टिकतो. प्रत्येक ब्लॉकला पाणी मोजून द्यायचे, ठरलेल्या पाळीने द्यायचे आणि शेतकऱ्याला काही वर्षांसाठी त्याची हमी द्यायची. पाणी किती आणि केव्हा मिळणार हे आधीच ठाऊक असल्याने शेतकऱ्याला पिकाचे नियोजन करता येते आणि सरकारला पाणीपट्टीची खात्री राहते. एरवी थोड्या बागाईतदारांच्या शेतात मुरणारे पाणी यामुळे अधिक गावांत आणि अधिक घरांत पोहोचते.

फडाची आठवण यावी असेच हे सगळे आहे. फरक इतकाच, की फड गावाने स्वतः चालविलेला असतो आणि ब्लॉक सरकारी नियमांनी. हा फरक लहान नाही. विरोध झाला तो याच ठिकाणी. वर्षानुवर्षे मनमुराद पाणी घेणाऱ्या ऊस बागाईतदारांना मोजमाप नको होते. सरकार शेतकऱ्याचे स्वातंत्र्य हिरावून घेत आहे, अशी टीका पुण्यात झाली. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांना भेटून हिशेब समजावून सांगितला आणि पद्धत हळूहळू रुजली. दख्खनच्या कालव्यांवर उसाचा ब्लॉक हा शब्द पुढे कित्येक दशके पाटबंधारे खात्याच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडी राहिला. मात्र जिथे उसाने नियम मोडीत काढले तिथे ब्लॉक केवळ कागदावर उरला, हेही तितकेच खरे. लोखंडी दार एकदा बसविले की पाण्याच्या जोरावर चालते. वाटपाच्या नियमाला मात्र रोज कोणी तरी राखणदार लागतो.

दिवाणपद आणि त्यानंतर

मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याचे पद भारतीयाला मिळणे त्या काळी अशक्यप्राय होते. अनेक वरिष्ठांना मागे टाकून वर आलेल्या विश्वेश्वरय्यांना पुढची वाट बंद दिसत होती. मधल्या काळात, १९०६ मध्ये, एडनची पाणी व सांडपाणी योजना आखून ते परतले आणि १९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हाहाकार उडाला. निजाम सरकारच्या बोलावण्यावरून त्यांनी पूरनियंत्रणाची योजना आखून दिली. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय त्या योजनेतून पुढे आकाराला आले.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण. कावेरीवरील कृष्णराजसागर, म्हैसूर बँक, १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची पायाभरणी, अशी त्या कारकिर्दीची लांब यादी सर्वपरिचित आहे. नवे उभारायला ते कचरत नव्हते, हे त्यावरून दिसतेच. नव्याची गरज कुठे आहे आणि जुन्याच्या दुरुस्तीने कुठे भागेल, याची पारख त्यांना होती, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

त्यांच्या दिवाणपदाचा शेवट वादात झाला. ब्राह्मणेतर समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात, अशी मागणी म्हैसुरात जोर धरत होती आणि महाराजांचा कल तिच्या बाजूने होता. गुणवत्तेखेरीज दुसरा निकष विश्वेश्वरय्यांना मान्य नव्हता. १९१८ मध्ये त्यांनी पद सोडले. पाण्याच्या वाटपात कालव्याच्या शेवटच्या शेताचा विचार करणाऱ्या या माणसाला समाजातील शेवटच्या टोकाच्या माणसाचा प्रश्न तितक्याच स्पष्टपणे दिसला नाही, अशी टीका त्यांच्यावर होत आली आहे. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना ही बाजू वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९२३ मध्ये भद्रावतीचा तोट्यात चाललेला लोखंड कारखाना सावरण्यासाठी त्यांना पुन्हा बोलावणे आले. १९२९ पर्यंत त्यांनी त्याची धुरा वाहिली. खर्चाला कात्री, कामाला शिस्त आणि स्थानिक माणसांना प्रशिक्षण, हाच मंत्र इथेही होता. १९२६ मध्ये मुंबईच्या बॅकबे भराव योजनेची चौकशी करणाऱ्या समितीवर ते सदस्य होते. समुद्र हटवून जमीन करण्याच्या या खर्चिक सरकारी स्वप्नाविरुद्ध वीर नरिमन यांनी मोहीम उघडली होती. १९३४ मध्ये भारतासाठी नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेची मांडणी करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवार्षिक योजनांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

भारत सरकारने १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न देऊन गौरविले. १५ सप्टेंबर १९६० रोजी त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट निघाले. हयात व्यक्तीवर तिकीट निघण्याचा मान त्यांच्या आधी १९५८ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांना मिळाला होता. शिक्षणासाठी पुण्यात आलेला कानडी विद्यार्थी आणि पुण्यात स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे कर्वे, असे हे दोन शतायुषी.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. अर्धे पुणे पाण्याखाली गेले. ज्या सांडव्यावर अर्धशतकापूर्वी विश्वेश्वरय्यांनी दारे बसविली होती ते धरण असे कोसळले, तेव्हा ते हयात होते. नवे धरण घाईने भरल्याने जुन्यावर काय ओढवते, याचा तो जबर दाखला होता. पुढल्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूरला त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळी या जन्मगावी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

उद्घाटनानंतरचा दिवस

विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन साजरा होतो. नंदुरबार जिल्ह्यातही शासकीय कार्यालयांत त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातात. त्या दिवशी तापीकडे एक नजर टाकली तर त्यांच्या कामाचा अर्थ अधिक नीट कळतो. तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज उभे राहिले. बॅरेज म्हणजे दारांचाच बंधारा. नदीत पाणी अडले, डोळ्यांना दिसू लागले. ते काठावरून उचलून शेतापर्यंत नेणाऱ्या जुन्या उपसा सिंचन योजनांच्या दुरुस्तीचा प्रश्न मात्र जिल्ह्यात वर्षानुवर्षे गाजत राहिला. समोर पाणी आणि शेत कोरडे, हा अनुभव इथल्या शेतकऱ्याने घेतला आहे.

राज्याच्या पातळीवरही चित्र फारसे वेगळे नाही. सिंचनावर झालेला अफाट खर्च आणि त्या मानाने अत्यल्प वाढलेले सिंचित क्षेत्र यांवरून २०१२ मध्ये महाराष्ट्रात राजकीय वादळ उठले आणि सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. त्याआधी २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांचा कायदा केला. पाणी मोजून द्यावे आणि वाटप शेतकऱ्यांनी आपसात करावे, हे त्याचे सूत्र. फड आणि ब्लॉक या दोन्हींचा वारसा त्यात दिसतो. धरणाच्या भूमिपूजनाला जितके मंत्री येतात तितके कालव्याच्या चाऱ्या दुरुस्त करताना येत नाहीत, एवढाच काय तो फरक.

यात दोष केवळ राज्यकर्त्यांचा नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली गावातून देशाच्या आधार योजनेचा शुभारंभ झाला. पंतप्रधान मनमोहनसिंग आले, देशभरचे पत्रकार आले आणि आदिवासी पाड्यांचा हा जिल्हा एका दिवसात जगाच्या नकाशावर चमकला. योजना सुरू होते ती बातमी असते. ती दुसऱ्या दिवसापासून नीट चालते की नाही, ही बातमी होत नाही. आम्ही वार्ताहरही उद्घाटनाचे छायाचित्र पहिल्या पानावर घेतो आणि दुरुस्तीच्या निविदेला आतल्या पानावर दोन ओळी देतो.

विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यावर बसविलेल्या दारांना फीत कापण्यासारखे भव्यपण नव्हते. तलाव पूर्वीसारखाच दिसत होता, फक्त आठ फूट अधिक भरलेला. त्या आठ फुटांचे मोल कळायला उन्हाळा यावा लागतो. दरसाल कोरड्या नळासमोर आणि आटलेल्या पाटासमोर उभ्या राहणाऱ्या महाराष्ट्राला त्या आठ फुटांची आठवण अभियंता दिनाखेरीज इतर दिवशीही ठेवायला हरकत नाही.